माळ्यावरची विळी

२०२३ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो आणि खडकीतल्या माझ्या घरात माझाच शब्द चालत होता. निदान माझी तशी समजूत होती. शाळा चौथीत सुटली, पण कारखान्यात हत्यारांना धार लावण्यात हयात गेली. धारेतलं मला कुणी शिकवू नये.

त्या वर्षी वरची खोली एका बांगलादेशी जोडप्याला भाड्याने दिली. नवरा इथे मोठं शिक्षण घ्यायला आलेला. त्याला हिंदी यायचं, मराठी जेमतेम समजायचं. बायकोला बंगालीशिवाय काही नाही. तो गेला की ती दार लावून घ्यायची. कपडे वाळत घालताना गच्चीत कुणी दिसलं, की ओली बादली घेऊन माघारी. एकदा जिन्यात तो मला म्हणाला, "चाचा, ये यहाँ नहीं रह पाएगी." दिवसभर बोलायला कुणी नाही म्हणून ती धड जेवत नव्हती. परीक्षा झाली की तो तिला माहेरी सोडून येणार होता.

"मराठी शिकव की तिला," मी म्हणालो. हिंदी मला समजतं. बोलत मात्र नाही.

एका रविवारी त्यांचा गळका नळ बघायला मी वर गेलो. बघतो तर काय, ओटा रिकामा आणि ही जमिनीवर उकिडवी बसलेली. सुरीची मूठ पायाखाली दाबलेली, पातं वर, आणि त्यावर अख्खा रोहू मासा ओढत होती. बोटाला चिंधी.

"अहो, पाय कापेल!" मी ओरडलो.

नवरा म्हणाला, गावाकडे अशीच कापतात, पण तिथे पातं खाली पक्कं बसवलेलं असतं. विमानात ते कोण आणू देणार?

म्हणजे ही विळीवरची बाई! आणि आम्ही तिला ओट्याशी उभी करून ठेवलेली.

नळ तसाच टाकून खाली आलो आणि माळ्यावरून आमच्या हिची विळी काढली. ही गेल्यापासून ती फडक्यात गुंडाळून ठेवली होती. सून बघत होती.

"बाबा, आईंच्या विळीला मला हात लावू देत नाही तुम्ही!"

"तू खाली बसतेस का चिरायला?"

"गुडघे दुखतात माझे."

"मग गप बस."

दगडावर धार काढली आणि वर नेली. विळी बघून तिचा चेहरा असा उजळला की बस! पण बसली मात्र तिच्याच पद्धतीने, पाटावर नुसतं पाऊल दाबून. आमच्यात पाटावर मांडी टाकून बसतात.

"असं नाही, असं!" म्हणत मी स्वतः बसून दाखवलं. बसलो खरा, पण उठता येईना. ती खदाखदा हसली आणि काहीतरी बोलली.

"काय म्हणते?"

नवरा चाचरत हिंदीत म्हणाला, "चाचांना उचला, मासा खोळंबलाय."

आवाज ऐकून सून वर आली. दोघींनी मिळून मला उठवलं. मग माझ्या डोळ्यांदेखत सून त्या विळीवर तिच्या पद्धतीने बसली.

"आता गुडघे दुखत नाहीत वाटतं?"

"यांच्या पद्धतीत दुखत नाहीत, बाबा. तुमच्यात दुखतात."

संध्याकाळी नवरा वरून कालवणाचं भांडं घेऊन आला. सोबत तिचा निरोप : उद्या खाली काय चिरायचंय?

"आणि माहेरी सोडायचं?" मी त्याला विचारलं.

"विषय काढला, तर म्हणाली, उद्या कामं आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात गेलो, पेलवेल तेवढा मोठा लाल भोपळा खांद्यावर आणला, अंगणात सुनेने वरून आणून ठेवलेल्या विळीपाशी ठेवला आणि जिन्याच्या तोंडाशी उभा राहून शुद्ध मराठीत हाक मारली, "अहो बाई, खाली या!"