रस्त्याच्या पाटीला काळं
ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. तेव्हा मी बिबवेवाडी भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. मार्केट यार्डाकडून डोंगराकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याच्या पाटीला कोणीतरी काळं फासलं होतं.

हा रस्ता पूर्वी दगडखाणीकडे जायचा, म्हणून खाण रस्ता. रुंद झाल्यावर लोक त्याला ऐंशी फुटी म्हणू लागले. पुढे त्याला एका दिवंगत पुढाऱ्याचं नाव मिळालं. दुसऱ्या एका गटाला दुसऱ्याच पुढाऱ्याचं नाव हवं होतं.

दोन्ही गट रोज ठाण्यात.

"आमच्या साहेबांचा अपमान झालाय. अटक कधी करताय?"

"आमच्या पोरांना गोवायचा डाव आहे हा!"

पाटी पुसली की पुन्हा काळी. चोऱ्यांचा तपास बाजूला ठेवून मी पाटीला बंदोबस्त दिला. तो उठला की पुन्हा तेच. एका संध्याकाळी दगडफेक झाली आणि भांडणाशी काही संबंध नसलेल्या एका दुकानदाराचं डोकं फुटलं.

मग एका रंगविक्रेत्याचा फोन आला. "माझं नाव नको, साहेब. पाटी पुसली की एक गृहस्थ काळ्या रंगाचा डबा न्यायला येतात."

गृहस्थ सत्तरीचे, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना ठाण्यात बोलावून खुर्ची दिली आणि विचारलं, "कोणत्या गटाचे आपण?"

"कुठल्याच नाही. काळं मीच फासलं. लिहून घ्या."

"अहो, पण का?"

"पत्नीच्या छातीत कळ आली. फोनवर मी पाटीवरचं नाव सांगितलं. रुग्णवाहिका गेली शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, विश्रांतवाडीला. तिथेही याच नावाचा रस्ता आहे. गाडी आमच्याकडे पोहोचली तेव्हा सगळं संपलं होतं."

मी खात्री करून घेतली. खरंच होतं. गुन्हा मात्र नोंदवावा लागला.

दोन्ही गटांच्या प्रमुखांना बोलावून मी हे सांगितलं. एकाने मान खाली घातली. दुसरा थोडं थांबून म्हणाला, "वाईट झालं, साहेब. म्हणूनच तर म्हणतो, आमचं नाव द्या!"

त्याला मी दार दाखवलं.

न्यायालयाने त्या गृहस्थांना दंड केला. तो त्यांनी मुकाट्याने भरला. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय नाव द्यावं असं वाटतं तुम्हाला?"

"काहीही द्या हो. फक्त दुसरीकडे देऊ नका."

ठाण्यात आवाज चढवणारे पुष्कळ पाहिले. त्या प्रकरणापासून मी न बोलणाऱ्याची चौकशी आधी करू लागलो. रस्ते मात्र अजून दोन्हीकडे त्याच नावाचे आहेत.