लेव्हलमामांचा वॉकर

मामांचा वॉकर मी कंपनीच्या गेटवर, सिक्युरिटीच्या केबिनमागे ठेवला आणि वर गोणपाट टाकलं. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी मामांविषयी प्रेमाने लिहिणार आहे आणि वाचणाऱ्याने ते प्रेम जरा तपासून घ्यावं.

चाकणच्या आमच्या कंपनीत त्यांना सगळे लेव्हलमामा म्हणत. नवीन मशीन आलं की ते फरशीवर सपाट बसवायचं, हे त्यांचं काम. वीतभर लांबीची स्पिरिट लेव्हल, म्हणजे बुडबुडा मधोमध आला की जागा सपाट आहे हे सांगणारी पट्टी, कायम शर्टाच्या खिशात. जिथे जातील तिथे ती ठेवून बघत : लग्नातल्या जेवणाच्या टेबलावर, दवाखान्याच्या बाकावर, साखरपुड्याच्या पाटावर. निघोज्यात त्यांच्याच घरात मी भाड्याने राहायचो. मी फ्रिज घेतला तेव्हा बघायला आले, वर लेव्हल ठेवली, "डावीकडं झुकतोय" म्हणाले आणि चहा न घेता गेले. परत आले ते पत्र्याची पातळ पट्टी घेऊन. ती फ्रिजच्या पायाखाली सरकवली, मग चहा घेतला.

अशा पट्टीला आम्ही पॅकिंग म्हणतो. लातूरकडून येऊन मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा मला एका कोऱ्या मशीनखाली पॅकिंग घालायची लाज वाटली. इतकं महागाचं मशीन, त्याला पत्र्याचा तुकडा कसा लावायचा? म्हणून मी बोल्ट आवळून ते सपाट करायला बघत होतो. मामा शेजारी बसले. "मशीनला पॅकिंग लागतं, त्यात मशीनची बेअब्रू न्हाई. फरशी वाकडी हाय, त्याला ते काय करणार?" पुढे मी सुपरवायझर झाल्यावर हे वाक्य पोरांना बरेचदा ऐकवलं. बहुतेक वेळा स्वतःचं म्हणून.

मग एकदा घरी येताना खडीवर त्यांची मोटारसायकल घसरली. हेल्मेट होतं, हँडलला अडकवलेलं. मेंदूला मार बसला, ऑपरेशन झालं. हळूहळू बोलणं परत आलं, माणसं ओळखू आली, शिव्याही सगळ्या आठवल्या. तोल तेवढा आला नाही. उभे राहिले की डावीकडे कलत. "बुडबुडा उजव्या कडंला जाऊन बसलाय, मधी यायचं नाव न्हाई," असं त्यांनी फिजिओथेरपीच्या मॅडमना सांगितलं. मॅडमनी वॉकर दिला. रोज चाला, जमेल तसा वेग वाढवा, तोल आणि दम दोन्ही परत येतील, मग चार पायांची काठी देऊ, असं त्या म्हणाल्या. मामांनी ते कामच समजून घेतलं. सकाळ-संध्याकाळ घरापुढच्या कोब्यावर फेऱ्या सुरू झाल्या. शिफ्टला निघालेली पोरं विचारत, "मामा, ओव्हरटाइम का?"

"व्हय. बिनपगारी."

मला मात्र वाटायचं, याची सवय लागणार. टेकू घेतलेला माणूस टेकू सोडत नाही, असं मी मामींनाही सांगून बघितलं. खरं कारण वेगळं होतं. ज्या माणसाच्या हाताखाली मी शिकलो तो ॲल्युमिनियमची चौकट ढकलत चाललेला मला बघवत नव्हता.

खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा असते. मामांनी बसवलेल्या सगळ्यात जुन्या मशीनला त्यांच्याच हातून हार घालायचं ठरलं. मी त्यांना गाडीतून नेलं. गेटवर वॉकर त्यांच्या हातून काढून घेतला. "मामा, आज नको. सगळे बघतात. मी धरतो ना." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग वॉकरकडे, आणि माझा दंड धरला. मशीनपुढे नुकताच नारळ फोडला होता. गुळगुळीत फरशीवर पाणी सांडलेलं. मामांचा पाय गेला, आणि मी त्यांना धरलं होतं तरी ते पडले. मनगट मोडलं.

सगळे धावले. वॉकर कुठाय, असं कुणीतरी विचारलं. मी म्हणालो, "मामाच ऐकले नाहीत. नको म्हणाले." मामा खालीच होते. त्यांनी ते ऐकलं. उठायला दुसरा हात माझ्याकडेच पुढे केला.

प्लास्टर निघालं तरी मामा उठेनात. उभं राहायचं म्हटलं की कपाळावर घाम यायचा. सगळा हिवाळा खुर्चीत गेला. मामी वॉकरवर टॉवेल वाळत घालू लागल्या. मॅडम घरी येऊन गेल्या तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हाताला धरून चालवू नका. माणूस तुमच्या हातावर भार टाकतो, स्वतःचा तोल शोधत नाही. वॉकरमुळे तो शोधतो." मी मान हलवली. मान हलवण्यात मी तरबेज झालो होतो.

उन्हं तापायला लागल्यावर एका रविवारी मामांनी मला हाक मारली. वॉकरवरचे टॉवेल काढायला लावले आणि आडव्या नळीवर लेव्हल ठेवली. "एक पाय बुटका बसलाय ह्याचा." मी खाली बसून त्या पायाची पिन एक भोक सरकवली. त्यांचे पाय माझ्या डोळ्यांसमोर होते. सांगून टाकावं असं वाटलं, म्हणून वर बघितलं.

"माझ्याकडं काय बघतो, सुधाकर? बुडबुडा बघ."

मी बुडबुडा बघितला. तो दिवसही तसाच गेला. मामा मात्र उठले, आणि उन्हाळाभर त्या कोब्यावर चालत राहिले. सुरुवातीला दाराशी पोचेपर्यंत धाप लागायची. पावसाळा सरेपर्यंत ते चालता चालता मला कामातल्या चुका सांगू लागले.

पुन्हा खंडेनवमी आली. सकाळी मामींनी वॉकरला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. "हत्यारच हाय त्यांचं," म्हणाल्या. मामा त्या माळेसकट, मामींना घेऊन कंपनीत आले. नारळ या वेळी दाराबाहेर फोडला होता. मशीनला हार घालून ते वळले. आमच्यातला एक जुना फिटर कौतुकाने म्हणाला, "बरं केलंत मामा, वॉकर आणलात. गेल्या वर्षी सुधाकरचं ऐकलं असतंत तर मनगट वाचलं असतं."

मामा म्हणाले, "व्हय."

एवढंच. वर्षभर ते हे उत्तर देत आले असणार. घरी, गल्लीत, मामींनाही. माझ्या वाकड्या फरशीवर ते पॅकिंग होऊन बसले होते.

पोरं प्रसादाच्या रांगेत उभी होती, मामी ताट धरून होत्या. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी म्हणालो, "मामांनी गेल्या वर्षी वॉकर सोडला नव्हता. मी काढून घेतला आणि गेटवर लपवला. नंतर खोटं बोललो. लाज त्यांना वाटत नव्हती, मला वाटत होती. मामा, मामी, मला माफ करा."