टाचेवरचं पान
भिजवलेल्या तेंदूपानांचा वास आला की मला ती दुपार आठवते. त्याआधीच्या पावसाळ्यात धानाच्या रोवणीहून परतताना मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पडले होते. मणक्याला मार लागून सात महिने झाले, तरी पायांना काही कळत नव्हतं. गोंदियाच्या थेरपीवाल्या बाईंनी सांगितलं होतं, रोज हिचे डोळे झाका, पायाला काहीतरी लावा आणि काही लागतं का ते विचारा. आमच्या अंगणात बिड्या वळणाऱ्या बायांनी ते काम अंगावरच घेतलं. कोणी कापूस लावी, कोणी थंड पाण्याचा गडवा, आणि मी रोज "नाही" म्हणे. त्या दुपारी शेजारच्या काकीने काहीतरी ठेवलं. "थंड लागून राहिलं," मी म्हणाले. सगळ्यांचे हात थांबले. "आमचं मन राखाले नको सांगू," काकी म्हणाली, "कुठं लागते, सांग." "अंगठ्याले." डोळे उघडून पाहिलं, तर ओलं पान टाचेवर होतं. "चुकली व!" काकी रडतरडत हसली, "पन लागलं तं खरं!" आज मी काठी घेऊन बाजारापर्यंत जाते. पायात काटा रुतला की वाकून पाहण्याआधी तो कुठे असेल, ते मनाशी ठरवते. अजून बहुतेक वेळा चुकतेच.