चंदन लागलेले पाच कोळसे

त्या नवरात्रात सरोजा घरी कोळसा निवडायला बसली की तिच्या आईला, राजसबाईंना, हसू येई. बायका तांदूळ निवडतात तशी ती मांडीवर ताट घ्यायची आणि खड्यांत अडकलेली केसासारखी मुळं चिमट्याने उपसून काढायची. दोन हजार वर्षांपूर्वीच्या चुलीतल्या कोळशात परवाच्या गवताचं मूळ राहिलं तर कोळशाचं वय कमी भरतं, हे तिने आईला तीनदा समजावलं होतं.

"अय्यो, तांदळातले खडे कधी एवढे मन लावून काढले नाहीस गे!" राजसबाई म्हणत.

मैलापुरातल्या त्या दोन खोल्यांत या दोघीच राहत. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. सरोजाला तिसावं लागलं होतं आणि लग्नाचं नाव नव्हतं. देवळाच्या तळ्यावर बायका त्यावर जे बोलत, ते राजसबाई उंबऱ्याबाहेरच ठेवून घरात येत.

सरोजाची प्रयोगशाळा युनिव्हर्सिटीच्या तळघरात होती. समुद्र रस्त्यापलीकडेच, पण तळघरात त्याचा नुसता ओलावा यायचा. तिथे लोखंडाच्या जाड भिंतींच्या पेटीत एक नळी होती. कोळसा जाळून त्याचा वायू त्या नळीत भरायचा आणि समोर बसून राहायचं. आत कार्बनचा एखादा अणू फुटला की टक् असा आवाज होई आणि आकडा एकाने पुढे सरके. इतरांना त्या आवाजाने झोप येई. सरोजाला मात्र चूल दिसे. चुलीपुढे वाकलेली बाई, फुंकून लाल झालेला तिचा चेहरा, पाठीला टेकलेलं पोर. टक्. बाई लाकूड पुढे सारते. टक्. धूर डोळ्यांत जातो.

हा नदीकाठच्या उत्खननातला नमुना तिच्या एकटीच्या हाती सोपवलेला पहिलाच. तारीख नीट निघाली तर पोंगलला तिच्या कायम नोकरीसाठी पत्र लिहीन, असं प्रोफेसर नारायणस्वामी म्हणाले होते. दुसरा नमुना मिळणार नव्हता. चुलीची जागा त्याच पावसाळ्यात धरणाच्या पाण्याखाली गेली होती.

१९६४च्या नवरात्रात प्रयोगशाळा तीन दिवस बंद राहणार होती आणि निवडणं अर्धंच झालं होतं. नमुना बाहेर न्यायचा नाही, हा नियम. सरोजाने कोळशाचा डबा पिशवीत टाकून घरी आणला. पहिली चूक तिचीच.

सरस्वतीपूजेच्या दिवशी ती टी. नगरला वसंतामावशीकडे कोलूच्या, नवरात्रात पायऱ्यांवर मांडतात त्या, बाहुल्या बघायला गेली. विजयादशमीला सकाळी डबा उघडला, तर वरच विड्याचं पान, आणि पानात गुंडाळलेले पाच खडे. प्रत्येकावर चंदनाचा टिळा, त्यावर कुंकू.

"आई, हे काय केलंस?"

"काय म्हणजे? पुस्तकं ठेवली, कात्री ठेवली, शिवणाचं यंत्र पुसून ठेवलं. तुझी विद्या ती हीच की नाही? मोठे मोठे वेचून काढले. देवीपुढे बारीक-सारीक ठेवतात का कोणी?"

"चंदन म्हणजे आजचं लाकूड, आई!"

"मग? धुऊन टाक."

धुता आलं असतं. आम्ल होतं, क्षार होता. चंदनाचं तेल थोडं राहिलं असतं, वय शे-दोनशे वर्षांनी कमी आलं असतं. कोणाला कळणार होतं? चुलीपुढची ती बाई काही उठून भांडायला येणार नव्हती.

दुपारी सरोजा गार फरशीवर पडली आणि तिचा डोळा लागला. चूल पेटलेली होती. बाईच्या कपाळावर चंदन होतं, आणि ते कोणी लावलं हे तिला ठाऊक नव्हतं. ती बोटाने चाचपून बघत होती. मग तिच्या अंगावर राजसबाईंचं नऊवारी आलं, हातात पितळेचा तांब्या आला, चूल मैलापुरातली झाली, आणि नदीकाठी कोणीच उरलं नाही.

सुट्टी संपली तशी सरोजा डबा घेऊन प्रोफेसरांपुढे उभी राहिली. ते एरवी तमिळ बोलत, रागावले की इंग्रजी.

"घरी न्यायला परवानगी कोणी दिली?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"कोणीच नाही, सर."

ते पानातल्या खड्यांकडे बघत राहिले. "पाचच?"

"पाचच. कुंकू सांडू नये म्हणून आईने पानात गुंडाळले. खालचे स्वच्छ आहेत, पण बारीक. निम्मेही नाहीत."

"मग वायूही निम्मा भरेल. दोन दिवसांचं काम आठ दिवस चालेल आणि तारीख सैल येईल." एवढ्यात ते तमिळवर आले होते. "सांगितलंस म्हणून ती तारीख छापता तरी येईल. पण पोंगलला पत्र लिहिणार नाही. पुढच्या वर्षी बघू. खडे का टाकले ते वहीत तुझ्या हाताने लिही."

तिने लिहिलं: पाच खडे बाद. सरस्वतीपूजेत चंदन लागले.

खोटे टक् करणारा रेडॉन विरून जावा म्हणून वायू महिनाभर मुरू द्यावा लागला. मार्गळी महिन्याच्या, डिसेंबरातल्या गारव्यात सरोजा आठ दिवस पेटीपुढे बसली. आवाज अगदी सावकाश येत. एक टक्, मग इतका वेळ शांत, की बाईने तेवढ्यात नदीवर जाऊन पाणी आणलं असतं. सरोजा तिची वाट बघत बसे, आणि ती येई.

नवव्या दिवशी ती घरी आली तेव्हा राजसबाई चुलीत लाकूड सारत होत्या.

"किती निघालं गे?"

"बावीसशे वर्षं. दोनशे इकडे, दोनशे तिकडे."

"आणि तुझं पत्र?"

"पुढच्या वर्षी."

विझत आलेल्या चुलीला राजसबाईंनी फुंकर घातली, तसा चेहरा लाल झाला. सरोजा दारातच उभी राहून बघत राहिली.

"पुढच्या पूजेला," राजसबाई म्हणाल्या, "तुझा तो चिमटा तेवढा दे मला."