तात्यांच्या माइकचा दिवा

"दिवा तर पेटलेला हुता रं सदा. म्हणून म्या बोलत ऱ्हायलो. मान्सं हसाय लागली तवा कळलं."

कुपवाडातल्या माझ्या रिपेअरिंगच्या दुकानात तात्या मान खाली घालून सांगत होते. कुंडलजवळच्या आमच्या गावच्या जत्रेत कुस्त्यांची कॉमेंट्री तेच करतात. आयुष्यभर कर्ण्याखाली उभं राहून आता त्यांना जेमतेम ऐकू येतं. माइक चालू आहे की नाही, हे दिव्यावरूनच कळतं. यंदा पहिल्या दिवशी माइक मधेच बंद पडला आणि तात्या बोलतच राहिले. पंचांनी बजावलं, उद्या पुन्हा असं झालं तर माइक दुसऱ्याकडे.

मला पंचांचा रागच आला. मी कुस्ती बघायच्या आधी ऐकली, ती तात्यांच्या तोंडून. वडिलांच्या खांद्यावर बसूनही फेट्यांच्या गर्दीत काही दिसायचं नाही. तात्या सांगतील तो डाव मी मनातल्या मनात बघायचो. फार सुखाचे दिवस होते ते.

असो. तात्यांचा जुना अॅम्प्लिफायर बारा व्होल्टवर चालतो. बॅटरी गेली म्हणून गावातल्या कुणीतरी जुन्या कम्प्युटरचा एसएमपीएस जोडून दिला होता. म्हणजे घरातल्या करंटचे बारा नि पाच व्होल्ट करणारा डबा. हा डबा नुसता प्लग लावून सुरू होत नाही. त्याची हिरवी वायर काळीला जोडावी लागते. त्या दोन्हींच्या मधे स्विच बसवला होता. इथवर काम बरोबर होतं.

घोळ दिव्यात होता. तो जांभळ्या वायरवर घेतला होता. जांभळीत स्टँडबायचे पाच व्होल्ट असतात, डबा झोपला तरी चालूच. कर्ण्याच्या वायरीत शॉर्ट झाला, डब्याने स्वतःला वाचवायला बारा व्होल्ट तोडले, आणि दिवा आपला जळतोय.

मी कर्ण्याची वायर बदलली. दिवा रेझिस्टरसकट करड्या वायरवर घेतला. सगळे व्होल्टेज ठीक असले, तरच करडीत करंट येतो.

"ह्यो विझला की गप बसायचं," मी त्यांच्या कानाशी ओरडलो.

"आन् पेटला की?"

"बोलत सुटायचं."

"त्ये येतंय मला."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मीही गावी गेलो. शेवटची कुस्ती रंगात आली आणि कुणाचा तरी पाय कर्ण्याच्या वायरीत अडकून ती सोलली, पुन्हा शॉर्ट. दिवा विझला. तात्या वाक्याच्या मधेच थांबले.

"तात्या, बोला की," लोक ओरडत होते. तात्यांना कुठलं ऐकू जातंय. ते दिव्याकडे बघत उभे.

मी उघडी पडलेली वायर टेपने गुंडाळली आणि स्विच बंद करून पुन्हा चालू केला; त्याशिवाय झोपलेला डबा उठत नाही. दिवा लागला. तात्यांनी अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच उचललं.

कुस्त्या संपल्यावर पंच म्हणाले, "फुडल्या वर्सीबी तुमीच, तात्या."

तात्या नुसते हसले. मी तेच त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने सांगितलं, तेव्हा म्हातारा रडला.

दिवा लागलाय की नाही, हे सगळेच बघतात. तो कुठल्या वायरवर लागलाय, तेही एकदा बघत जावं.