उतारावर अडकलेलं पेडल

दादाला अर्धांगवायू झाला आणि देवावरचं माझं मन उडालं. माझा हा थोरला भाऊ फौजेत ड्रायव्हर होता. निवृत्त झाल्यावर त्यानं लिलावातून लष्कराचा एक जुना, पेट्रोलवर चालणारा ट्रक घेतला, त्यावर पाण्याची टाकी बसवली, आणि दर चैत्रात आमच्या देवीच्या भंडाऱ्याला तो पाणी पोचवू लागला. अशा माणसाचं उजवं अंग लुळं पडावं, वाचा जावी, हे मला पटत नव्हतं. पूजेला बसलो तरी माझ्या तोंडून तक्रारच निघायची.

चैत्र आला. वहिनी म्हणाली, "भावजी, यंदा सेवा चुकू देऊ नका. त्यांचा जीव तिथंच लागलाय." मी कन्नडला टेम्पो चालवतो, पण त्या ट्रकला कधी हात लावला नव्हता. नाय म्हणवेना म्हणून तयार झालो. निघताना दादा काठी टेकत आला आणि शेजारच्या सीटकडं बोट दाखवून उभा राहिला. त्याला वर चढवलं, टाकी भरली आणि आम्ही निघालो. मंदिर डोंगराखाली, सोयगावच्या बाजूला आहे.

घाटाच्या तोंडाशी एक छोटा चढ आहे. तो चढायला ॲक्सिलरेटर दाबला आणि माथ्यावर पाय उचलला, तर पेडल वर आलंच नाही. पुढं उतार, मागं टाकीभर पाणी. ब्रेक दाबला तरी इंजिन गाडी ओढतच होतं. घाबरून क्लच दाबला, ती माझी चूक झाली. इंजिन बोंबललं आणि गाडी मोकळी सुटली. समोर वळण होतं, वळणापलीकडं दरी. मी नुसतं स्टीअरिंग धरून ठेवलं.

"चावी! क्लच सोड!"

दादा बोलला होता. अर्धांगवायूनंतर त्याच्या तोंडून नुसता घोगरा आवाज यायचा, आणि आता हे शब्द पूर्वीसारखे खणखणीत आले, फौजेतल्या हुकमासारखे. मी क्लच सोडला, चावी फिरवली. बंद इंजिनानं गियरमध्ये गाडीला मागं धरलं, ब्रेकही लागू लागला, आणि ट्रक डोंगराच्या अंगाला घासत वळणाच्या अलीकडं थांबला. मी उतरून चाकांना दगड लावले.

"दादा, तू बोललास!" मी म्हणालो. त्यानं तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. त्यानं डाव्या हातानं बॉनेटकडं बोट दाखवलं.

त्याला आधार देऊन पुढं आणलं. पेडलपासून इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या कार्बोरेटरपर्यंत एक लोखंडी दांडी जाते. तिच्या सांध्यात जुनं ग्रीस मातीसारखं वाळून बसलं होतं, आणि पाय उचलल्यावर तिला मागं ओढणारी स्प्रिंग तुटून पडली होती. दादा बोट दाखवत गेला, मी पेट्रोलमध्ये भिजवलेल्या चिंधीनं सांधा पुसला, त्यावर इंजिनमधलं थोडं ऑइल सोडलं. दांडी सैल हलू लागली. पण स्प्रिंगशिवाय गाडी खाली नेणं म्हणजे तोच खेळ पुन्हा.

तेवढ्यात मोटारसायकलवर एक जोडपं आलं. तो वाळूजच्या कंपनीत कामाला, बायकोला माहेरी सोडायला निघालेला. "क्या हुआ भाई?" म्हणत तो वाकला, तुटलेली स्प्रिंग हातात घेऊन पाहिली, आणि स्वतःच्या गाडीच्या साइड स्टँडची स्प्रिंग पक्कडीनं काढू लागला.

त्याची बायको म्हणाली, "अजी, फिर गाडी खडी कैसे करेंगे?"

"दीवार को टेका देंगे," तो म्हणाला. मग टाकीवरचं देवीचं नाव पाहून माझ्याकडं वळला, "देवीकू पानी जारा ना? लगा लो."

स्प्रिंग थोडी आखूड होती, म्हणून तारेचा एक आकडा घालून जोडली. पेडल दाबलं की दांडी पुढं जायची, सोडलं की खटकन परत यायची. बऱ्याच वेळा करून पाहिलं. तोवर त्यानं आपला स्टँड रुमालानं वर बांधला होता. नाव विचारायचं माझ्या ध्यानातच आलं नाही.

भंडाऱ्याला उशीर झाला, पण पाणी पोचलं. दादा टाकीजवळ बसून डाव्या हातानं नळ सोडत होता. गाभाऱ्यात गेलो तेव्हा मला रडू आलं. मनात काही मागणं नव्हतं. "सांभाळलंस," एवढंच म्हणालो.

दादा त्यानंतर बोललेला नाही. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात अचानक एखादा शब्द निसटतो. तसंच असेल. मला वाद घालायचा नाही. तो शब्द नेमका त्या वळणावर निसटला, आणि आम्ही दोघं घरी आलो. दादाला वाचा दे, असं मी आजही देवीला म्हणतो. पण त्यापुढं आता "तुझी मर्जी" असंही म्हणतो, आणि ते म्हणताना माझ्या मनात राग नसतो.