नसीमताईच्या रक्तावरची साय

नसीमताई काचेच्या बशीतल्या पेशींशी बोलायची. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून म्हणायची, "आज तरी बाळसं धरा की, राव!" पुण्याच्या त्या प्रयोगशाळेत मी नवी, ती माझी सीनियर. जुन्नरच्या चपलांच्या दुकानदाराची ती थोरली मुलगी, मी मंचरजवळच्या निरगुडसरची. शनिवारी एकाच एसटीनं निघायचो. मी मंचरला उतरायचे, ती पुढे जायची.

ती विलक्षण बारीक होती. दंडावरच्या शिरा दोऱ्यांसारख्या वर आलेल्या. आणि काम करायची चरबीच्या पेशींवर! सगळे हसायचे, ती सगळ्यांच्या आधी.

तिचं काम तिनंच मला समजावलं. "जीनमध्ये हुकूम असतो, आरएनए म्हणजे त्याची नक्कल. पण नक्कल निघाली की काम झालं असं नसतं गं. काही प्रथिनं आरएनएला जाऊन चिकटतात. ही नक्कल टिकवायची की मोडायची, आत्ता वाचायची की नंतर, ते ती ठरवतात. कोवळी पेशी चरबीची पेशी होणार की नाही, त्यात त्यांचाही हात असतो." असलंच एक प्रथिन तिनं पेशींतून हटवलं होतं. रंग टाकला की शेजारच्या बशीत चरबीचे लालभडक थेंब दिसत. तिच्या बशीत काहीच नाही. "यांनी चरबी साठवायला जागाच केली नाही," ती म्हणाली. मला त्यात प्रयोगापलीकडचं काही ऐकू आलं नाही.

पुढेपुढे तीही मंचरला उतरून आमच्याकडे येऊ लागली. आई तिच्या पुरणपोळीवर तुपाची धार सोडायची. "लई वाळलीस पोरी. खा." ताई "काकू, बास" म्हणायची आणि ताट स्वच्छ करायची.

गावच्या यात्रेच्या दुपारी ती जेवून उठली आणि पोट धरून खालीच बसली. मंचरच्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासायला गेलं आणि डॉक्टर नळी घेऊनच बाहेर आले. खाली लाल, वर दुधावरच्या सायीसारखा पांढरा थर. त्यांनी नळीवरचं नाव दोनदा वाचलं. स्वादुपिंड सुजलं होतं, यकृत चरबीनं भरलं होतं.

"हिच्या अंगावर काय बी न्हाई," आई किंचाळलीच, "चरबी आली कुठनं?"

ताई खाटेवरून म्हणाली, "काकू, अंगात ठेवायला पेशीच नाहीत, म्हणून ती रक्तात फिरते. जन्मापासूनचं आहे."

"तुला माहीत होतं?"

"कॉलेजपासून."

"मग तूप का खाल्लंस?"

"सगळीकडं पथ्य पाळते गं. तुमच्या घरी मला आजारी माणूस म्हणून राहायचं नव्हतं."

आईनं तोंडावर पदर दाबला. "मीच चारलं तिला," एवढंच ती पुनःपुन्हा म्हणत राहिली. ताईनं तिचा हात धरला. "मी मागून खाल्लं, काकू."

चौथ्या दिवशी ती गेली.

आठवड्यानं मी जुन्नरला तिच्या घरी गेले. तिच्या अब्बांनी पाणी दिलं, समोर बसले. "ती नेमकं काय शोधत व्हती, ते मला सांग."

मी सांगितलं. ते मान खाली घालून ऐकत होते.

"ते प्रथिन परत घातलं, तर चरबीची पेशी तयार व्हते का?"

"बशीत होते. माणसात अजून कुणी पाहिलेलं नाही. ताईला तोच दोष होता का, तेही कळलेलं नाही."

"कोण बघणार मग?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज चढला नाही की भरूनही आला नाही.

"मंग इथं काय करतीस, पोरी? पुण्याची गाडी आता निघंल."